मारणाऱ्यांच्या बाजूला उभी राहिलेली आपली मुलं

वसई-विरार पट्ट्यातल्या धर्मगुरूंना, धर्मशिक्षकांना आणि पालकांना खुले पत्र

आदरणीय फादर, सिस्टर, माझ्या सहशिक्षकांनो आणि मुलांच्या आईबाबांनो,

जय येशू.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या कार्यक्रमांची आखणी आता सुरू होईल, म्हणून मागणी आधी मांडते आणि कारणं नंतर. पवित्र आठवड्यात धर्मशिक्षण वर्गातल्या मुलांना येशूच्या दुःखसहनावरचा तो हॉलिवूडचा सिनेमा दाखवणं आपण बंद करावं. २००४ साली आलेला ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेत त्याला ‘आर’ दर्जा मिळाला होता, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलाला आईवडील किंवा पालक सोबत असल्याशिवाय थिएटरात प्रवेश नाही. आपल्याकडे तो पाचवी-सहावीच्या मुलांना हॉलमध्ये खाली बसवून दाखवला जातो आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही, कारण विषय देवाचा आहे.

मी त्या हॉलमध्ये मुलांसोबत बसले आहे. फटक्यांचा प्रसंग सुरू झाला तेव्हा पुढच्या रांगेतल्या मुलींनी ओढण्यांत तोंडं लपवली. एक लहानगा उठून माझ्या मांडीशी येऊन बसला. तो प्रसंग लवकर संपत नाही. पडद्यावरचे रोमी शिपाई फटके मारताना लॅटिनमध्ये आकडे मोजतात. थोड्या वेळानं मागच्या बाजूला बसलेली मोठी मुलं मराठीत मोजायला लागली. आधी हळू, मग सगळी मिळून, तालात. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. सिनेमा संपल्यावर त्यातलीच दोघं खुर्च्या उचलायला पुढे आली, अगदी गुणी मुलं आहेत. पण त्या काही मिनिटांपुरती आपली मुलं येशूच्या बाजूला नव्हती, मारणाऱ्यांच्या बाजूला होती, आणि तिथं त्यांना आपणच नेऊन बसवलं होतं.

हे पत्र त्या एका सिनेमापुरतं नाही. करमणुकीतल्या हिंसेबद्दल आपण ख्रिस्ती माणसं कसा विचार करतो, किंवा खरं सांगायचं तर करतच नाही, याबद्दल आहे.

घरोघरी हे बोलणं काढलं की एक प्रश्न हमखास येतो. बायबलमध्ये काय कमी मारामारी आहे? काइनानं भावाला मारलं, याएलनं झोपलेल्या सीसराच्या कानशिलात तंबूची मेख ठोकली, शास्ते पुस्तकातला एकोणिसावा अध्याय तर मोठ्यांनाही वाचवत नाही. आणि आपल्या श्रद्धेच्या मधोमध क्रूस उभा आहे, तो तर सरळसरळ देहदंडाचं साधन. मग सिनेमातल्या रक्ताला नाक मुरडणारे आपण कोण? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर बायबलातच आहे, आणि ते शोधायला फार लांब जावं लागत नाही.

येशूचं चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमानं उघडा आणि फटक्यांचा प्रसंग शोधा. मार्क ते अर्ध्या वाक्यात उरकतो. योहानाकडे एक छोटी ओळ आहे. लूक तर फटके मारल्याचं सांगतच नाही, रोमी सुभेदार पिलात तसं बोलतो एवढंच. क्रुसावर खिळण्याचंही तसंच, ‘त्यांनी त्याला क्रुसावर खिळलं’, पुढे चला. खिळ्यांचा उल्लेख येतो तो थेट पुनरुत्थानानंतर, शिष्य थोमा व्रण पाहायला मागतो तेव्हा. ज्यांच्यासाठी ही शुभवर्तमानं लिहिली गेली त्यांना क्रूसदंड काय असतो ते चांगलं माहीत होतं, रोमी राज्यात तो भर रस्त्यावर दिला जाई. वर्णनाला वाव होता, वाचकही मिळाला असता. लिहिणाऱ्यांनी ते केलं नाही.

आता क्रुसाची वाट ही आपली भक्ती आठवा, येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या प्रसंगांची. दर शुक्रवारी आपण चौदा स्थानं चालतो. त्यात फटक्यांचं स्थान नाही. काटेरी मुगुटाचंही नाही. तीन स्थानं त्याच्या पडण्याची आहेत, आणि मग भेटते आई, भेटतो कुरेनेचा शिमोन, भेटते रुमाल घेऊन पुढे आलेली वेरोनिका, भेटतात रडणाऱ्या यरुशलेमच्या बाया. खिळण्याचं स्थान एकच, अकरावं. बाकी सगळी वाट त्याच्या जवळ जाणाऱ्या माणसांची आहे. शतकानुशतकं ख्रिस्तसभेनं भाविकाला त्या माणसांच्या शेजारी उभं केलं आणि तिथून दुःखसहन पाहायला शिकवलं. गुडघे टेकायचे, उठायचं, दोन पावलं पुढे जायचं. शिपायाच्या हाताशी उभं राहून पाहण्याची सोय या भक्तीत कुठंही ठेवलेली नाही.

मला जे सांगायचं आहे ते हेच. हिंसा दाखवली की नाही, एवढ्यावर बरंवाईट ठरत नाही. पाहणाऱ्याला कुठं उभं केलं जातं, त्यावर ठरतं.

उलट बाजूचं चित्रही शुभवर्तमानात आहे आणि ते फार बोचरं आहे. लूकच्या बाविसाव्या अध्यायात पहारेकरी येशूचे डोळे बांधतात, त्याला मारतात आणि विचारतात, ओळख पाहू कोणी मारलं? हा खेळ आहे. आपल्या अंगणात पोरं आंधळी कोशिंबीर खेळतात तसला खेळ, फक्त मधोमध एक बांधलेला माणूस. पुढे पिलाताच्या वाड्यात जांभळा झगा, काट्यांचा मुगुट, हातात वेत, ‘हे यहुद्यांच्या राजा’ म्हणत मुजरा. ते नाटकच होतं. त्या शिपायांना करमणूक हवी होती. आपल्या प्रभूच्या वाट्याला आलेल्या यातनांचा एक मोठा भाग शिक्षा म्हणून दिलेला नव्हता. तो करमणूक म्हणून केलेला होता. हे वाचलेल्या माणसाला ‘काय होतंय, नुसती करमणूक तर आहे’ असं म्हणताना जीभ अडखळायला हवी.

आणि त्याच लूकनं तेविसाव्या अध्यायात लिहून ठेवलंय, की तो देखावा बघायला जमलेले लोक, जे घडलं ते पाहिल्यावर, ऊर बडवत घरी परतले. तमाशा बघायला आलेल्या गर्दीचं काहीतरी बदललं. आमच्या हॉलमधून मुलं वेफर्सची रिकामी पाकिटं घेऊन परतली. दोष मुलांचा नाही.

पहिल्या ख्रिस्ती लोकांना हा प्रश्न आपल्याहून जास्त टोचत होता. रोमच्या आखाड्यांत माणसं माणसांना मारत आणि हजारो लोक सहकुटुंब ते पाहायला जात. इ.स. १७७ च्या सुमारास अथेनागोरस नावाच्या ख्रिस्ती विचारवंतानं सम्राट मार्कुस औरेलियसला लिहिलं, की माणूस मारला जाताना पाहणं हे त्याला मारण्याच्या फार जवळ जातं, म्हणून आम्ही असले खेळ पाहत नाही. तेव्हा ख्रिस्ती लोकांवर नरमांस खाण्याचे आरोप होत होते. त्याचा युक्तिवाद असा, की जे पाहायलासुद्धा तयार नाहीत ते कोणाला मारतील कसे? त्यानंतर थोड्याच वर्षांत उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकानं या खेळतमाशांवर आख्खं पुस्तक लिहिलं.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती संत ऑगस्टीननं आपल्या आत्मकथनाच्या सहाव्या भागात सांगितलेली अलिपियसची गोष्ट. अलिपियस ऑगस्टीनचा जिवलग मित्र, रोममध्ये कायदा शिकायला गेलेला तरुण. आखाड्याचे खेळ त्याला मनापासून नावडते. एक दिवस वाटेत मित्र भेटले, जेवून आले होते, थट्टामस्करी करत त्यांनी त्याला ओढतच आखाड्यात नेलं. तो म्हणाला, माझं शरीर तुम्ही न्याल, डोळे आणि मन कसं न्याल? आत जाऊन तो डोळे घट्ट मिटून बसला. ऑगस्टीन हळहळून लिहितो, कानही मिटता आले असते तर! लढतीत कोणीतरी पडला, गर्दीनं एकच गर्जना केली, आणि काय झालं ते बघायला, बघून तुच्छ मानायला म्हणून, त्यानं डोळे उघडले. रक्त दिसलं त्या क्षणी तो ते क्रौर्य प्यायला लागला. नजर काढेना, ओरडायला लागला, पेटला. आला तेव्हाचा माणूस तो राहिला नाही. पुढे तो स्वतः जायचाच, वर इतरांना ओढून न्यायचा.

ऑगस्टीन म्हणतो, आखाड्यात पडलेल्याच्या शरीराला झाली त्याहून खोल जखम अलिपियसच्या आत्म्याला झाली. ही गोष्ट सोळाशे वर्षांपूर्वीची, पण तिच्यातला कान उघडा राहण्याचा तपशील आजचा आहे. त्याला मोहात पाडलं ते रक्तानं नाही, आधी गर्दीच्या आवाजानं. आमच्या हॉलमध्ये एकटादुकटा मुलगा कधीच मोजायला लागला नसता. थिएटरात खलनायकाचा गळा चिरल्यावर जी शिट्टी पडते, तिच्यानं शेजारच्या दहा वर्षांच्या पोराला कळतं की इथं आनंद मानायचा असतो. (अलिपियसचं पुढे चांगलं झालं. ३८७ च्या पास्कापर्वात मिलानमध्ये संत अंब्रोजच्या हातून ऑगस्टीनबरोबरच त्याचा बाप्तिस्मा झाला आणि नंतर तो आपल्या गावचा बिशप झाला. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या मुलांना आपण फार लवकर वाया गेलेली ठरवतो.)

कोणी म्हणेल, मग ह्या बाईंना सगळंच बंद करायचंय. नाही. १९९५ मध्ये सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा व्हॅटिकननं पंचेचाळीस उत्तम चित्रपटांची यादी काढली, त्यात ‘गांधी’ आहे. त्यातला जालियनवाला बागेचा प्रसंग आठवा. गोळ्या सुटतात, लोक भिंतीकडे धावतात, विहिरीत उड्या टाकतात. माणसं मरताना दिसतात, कितीतरी. पण त्या दृश्यानंतर कोणी शिट्टी मारत नाही, कारण तुम्हाला त्या भिंतीपाशी उभं केलेलं असतं. असा प्रसंग मोठ्या मुलांना दाखवावा, दाखवून थांबावं, बोलावं. मला नको आहे ती हिंसा वेगळी. तिच्यात मारणारा देखणा असतो, त्याच्या चालीला संगीत असतं, आणि मरणाऱ्याला चेहराच नसतो.

मोबाइलवरच्या गेमचं म्हणाल, तर त्यावर प्रवचनं पुष्कळ झाली आणि त्यातली बरीचशी मुलांनी ऐकली नाहीत, कारण बोलणाऱ्यानं गेम कधी हातात घेतलेला नसतो हे त्यांना पहिल्या वाक्यात कळतं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा आपल्यातल्या अनेकांना हायसं वाटलं. ती बंदी हिंसेसाठी नव्हती, देशाच्या आणि माहितीच्या सुरक्षेसाठी होती. पुढच्याच वर्षी तो खेळ भारतासाठी नव्या नावानं आला, रक्ताचा रंग हिरवा करून आला. रंग बदलला, बोट ट्रिगरवरच राहिलं.

तरीही अतिशयोक्ती करू नये. गेम खेळून मुलगा खुनी होतो असं सांगत सुटणं खरं नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये स्पष्ट केलं, की प्रत्यक्ष गंभीर हिंसेचं खापर अशा खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही. चिडणं, आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी थोडा संबंध दिसतो. आपण ते मान्य करावं. आपली काळजी पोलिसांच्या काळजीपेक्षा वेगळी आहे. पाचवी आज्ञा सांगताना येशू खुनापाशी थांबला नाही, भावावर रागावण्यापर्यंत, त्याला मूर्ख म्हणण्यापर्यंत आत शिरला. हात स्वच्छ आहेत म्हणून मन तपासायचं नाही, असं त्याच्याकडे चालत नाही.

गेल्या वर्षी सहावीच्या वर्गाला मार्कच्या सहाव्या अध्यायातली बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची गोष्ट सांगत होते. हेरोदाचा वाढदिवस, मेजवानी, नाच, पाहुण्यांसमोर दिलेला शब्द, आणि ताटात आणलेलं शिर. एक मुलगा पटकन बोलला, ‘हेडशॉट!’ (गेममध्ये थेट डोक्यात मारलेल्या गोळीला म्हणतात ते.) वर्ग खदखदून हसला. मी रागावले नाही. विचारलं, ताट आणलं तेव्हा हेरोदाचे पाहुणे हसले असतील का? कोणी बोलेना. मग एक मुलगी म्हणाली, राजा बघत असेल तर हसले असतील. त्यावर आमचं अर्धा तास बोलणं झालं, त्या रविवारी ठरलेला धडा राहून गेला. शेवटी त्याच मुलानं विचारलं की योहानाच्या शिष्यांना धड न्यायला कोणी दिलं असेल, त्यांना भीती वाटली नसेल का. तो मुलगा मनानं मेजवानीतून उठून तुरुंगाकडे गेला होता. मुलं अशी जातात, त्यांच्यासोबत कोणी असलं तर.

आता आपण मोठी माणसं. रात्रीच्या जेवणाला टीव्हीवर ‘सत्यघटनेवर आधारित’ म्हणत सुनेला जाळलेलं, नवऱ्याचे तुकडे केलेले रोज पाहतो, भाजीला मीठ कमी पडलं की तेवढ्यापुरतं तोंड वळवतो. भररस्त्यात झालेल्या खुनाचं सीसीटीव्ही चित्रण बातम्यांत दहा वेळा फिरवलं जातं आणि मग ते कौटुंबिक व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतं. मरणाऱ्याची आई अजून पोलीस ठाण्यात असते. स्तोत्रकर्ता अकराव्या स्तोत्रात म्हणतो, हिंसेची आवड असणाऱ्याचा परमेश्वराला तिटकारा आहे. करणाऱ्याचाच नाही, आवड असणाऱ्याचा. पापनिवेदनाआधी मन तपासताना आपण अश्लील पाहिलं का हे स्वतःला विचारतो. कोणाच्या मरणाची मजा घेतली का, हे विचारत नाही.

आपल्या भागात तर हे विसरणं शोभत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत जमिनींवरून इथं काय दहशत होती ते आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईचे कार्यकर्ते हजारो माणसांना घेऊन, हातात काही न घेता रस्त्यावर उतरले. ज्यांनी खरी पिस्तुलं पाहिली त्यांच्या नातवंडांना आज ‘भाई’ची रीलं आवडतात, वाढदिवसाचा केक तलवारीनं कापावासा वाटतो. कोयता आपल्या वाडीत केळीचा घड उतरवायचं हत्यार होता. तो रीलमध्ये माणसासमोर नाचवायची वस्तू झाला, आणि त्या रीलला आपल्याच ओळखीची माणसं बदाम पाठवतात.

दुसरी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. २००६ साली येशूच्या विवाहाची कल्पना रंगवणारा एक हॉलिवूडपट आला तेव्हा आपण पेटून उठलो. मोर्चे निघाले, केंद्रीय मंत्र्यांनी चर्चच्या प्रतिनिधींसोबत बसून तो पाहिला, चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र आणि ‘ही काल्पनिक कथा आहे’ अशी पाटी लागली. आपला आवाज दिल्लीपर्यंत पोचतो हे तेव्हा दिसलं. पण माणसाचं डोकं ठेचण्याच्या दृश्यावर टाळ्या घेणाऱ्या एका तरी सिनेमाबद्दल आपण कधी साधं पत्र लिहिलं आहे का? ख्रिस्ताच्या प्रतिमेचा अपमान आपल्याला कळतो. माणूस देवाच्या प्रतिमेत घडलाय हे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात वाचतो आणि त्या प्रतिमेचे तुकडे होताना पॉपकॉर्न खातो.

लिहायला आधारही तयार आहे. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाला सरकारनं १९९१ साली घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत म्हटलंय, की निरर्थक किंवा टाळता येण्याजोगी हिंसा, मुख्यतः करमणुकीसाठी घातलेली हिंसा, आणि माणसाची संवेदना बोथट करणारी दृश्यं दाखवली जाऊ नयेत. हे आपण म्हणत नाही, मंडळाचा स्वतःचा नियम म्हणतो. कात्री लावा असं मला मागायचं नाही. कात्रीचा वापर नको तिथं कसा होतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’चे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या दर्जाचे, सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन गट झाले आहेत. तेरा वर्षांच्या मुलाला कोणती हिंसा पाहू द्यायची, ते ठरवताना हाच नियम समोर ठेवावा एवढं तरी आपण सह्यांनिशी मागू शकतो. आणि ‘यूए’चा अर्थ असाही आहे, की शेवटचा निर्णय आईबापांवर सोपवलेला आहे. तो आपण घेतच नसू तर मंडळाला बोल लावण्यात अर्थ नाही.

तर या उपवासकाळासाठी माझं म्हणणं असं. हॉलमधला तो खेळ रद्द करावा आणि त्या संध्याकाळी मुलांकडूनच क्रुसाची वाट करून घ्यावी. प्रत्येक स्थानावर एकेका मुलानं तिथं असलेल्या माणसाच्या तोंडून बोलावं: शिमोन, वेरोनिका, आई, रडणारी बाई. लिहून मुलं देतील, मी बसते त्यांच्याबरोबर. मांसाहार सोडतो तशी घरातल्या मोठ्यांनी चाळीस दिवस गुन्ह्यांच्या मालिका आणि मृत्यूचे व्हिडिओ सोडावेत. मुलांना काही सांगायच्या आधी हे करावं. फादर, पापनिवेदनाच्या तयारीचा जो कागद आपण छापून वाटतो, त्यात पाचव्या आज्ञेखाली एक प्रश्न वाढवावा. आणि तरुणांच्या गटाला तुम्ही एकदा सांगा, की तुमचा गेम मला शिकवा. त्यांच्याशेजारी बसून एक डाव खेळा, हरा, मग काय वाटलं ते एकमेकांना सांगा. मी माझ्या मुलाकडून शिकले. दोन मिनिटांत मरते, पण आता तो माझ्याशी त्याबद्दल बोलतो.

प्रमाणन मंडळाला पाठवायच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारआधी ज्या धर्मग्रामांच्या पॅरिश कौन्सिलची बैठक आहे, त्यांनी तो विषयपत्रिकेवर घ्यावा. चुका असतील त्या दुरुस्त कराव्यात, भाषा आवडली नाही तर बदलावी, आणि सह्या रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या दारात घ्याव्यात. टेबल घेऊन बसायला आमच्या वर्गातली आठवी-नववीची मुलं तयार आहेत.

आपली नम्र,
एक धर्मशिक्षिका आणि दोन मुलांची आई
वसई